पाऊसपाणी कसं हाय? नंदगडच्या आभाळाचे शब्द

नंदगडला 'हवामान' हा शब्द फक्त टीव्हीच्या बातम्यांत ऐकू येतो. माणसांच्या तोंडी असतं ते 'पाऊसपाणी'. या एका जोडशब्दात पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती आलं, पेरणी उरकली का, पीक कसं आहे आणि एकूण घरचं बरं चाललंय ना, इतकं सगळं मावतं. "पाऊसपाणी कसं हाय तिकडं?" असं मामा फोनवर विचारतो, तेव्हा बंगळूरचं तापमान सांगून त्याचं समाधान होत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्यापर्यंत हवा येते ती आकड्यांतून: २४ अंश, ८० टक्के शक्यता, ढगाचं छोटं चित्र आणि खाली तीन थेंब. नंदगड हे माझं आजोळ. घरून काम करायची सोय झाल्यापासून वर्षातून एकदा तरी मी लॅपटॉप घेऊन तिथं आठ-पंधरा दिवस राहतो. दिवसभर माजघरात बसून मीटिंगा चालू असतात आणि बाहेर पडवीत आजी, मामा, शेजारपाजारची माणसं आभाळाबद्दल बोलत असतात. त्यांच्या बोलण्याकडे कान द्यायला लागलो आणि जाणवलं, की त्यांच्या बहुतेक शब्दांत एक काम दडलेलं असतं. शब्द उच्चारला की घरातलं कुणीतरी उठतं: कुणी वाळवण आत घेतं, कुणी कुदळ उचलतं, कुणी मजुरांना निरोप धाडतं. हे शब्द आपल्या पिढीपर्यंत पोचायला हवेत असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी नंदगड कुठं आहे ते

बेळगावहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की साधारण पंचवीस किलोमीटरवर मलप्रभेच्या काठचं खानापूर लागतं. तिथून दहा-बारा किलोमीटरवर नंदगड. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही, कचेरीत कानडी. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर सहकारी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं ते इथंच. त्याची समाधी आणि तिच्याजवळचा वड पाहायला आजही लांबून माणसं येतात. जवळच हलशी आहे, कदंबांची जुनी राजधानी. तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ पाहायला अर्धा दिवस काढावा.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे ते या गावाचं पावसातलं ठिकाण. खानापूर तालुक्याची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्रीचा माथा. कणकुंबी, जांबोटी, भीमगडचं जंगल. अरबी समुद्रावरून आलेलं वारं डोंगराला अडून वर चढतं, थंड होतं आणि तिथंच बरंचसं रिकामं होतं. तिथून पूर्वेला जावं तसा पाऊस झपाट्यानं कमी होत जातो. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, कणकुंबीला त्याच्या कित्येक पट, आणि याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला अथणीकडे जेमतेम त्याच्या निम्मा. तालुक्यातल्या नद्याही अशाच दोन दिशांना गेलेल्या. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. म्हादई याच तालुक्याच्या जंगलात जन्मते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते.

नंदगड या उताराच्या मधल्या पट्ट्यात आहे. पश्चिमेची गावं भाताची आणि जंगलाची, पूर्वेची गावं जोंधळ्याची आणि कापसाची. नंदगडच्या शिवारात उभं राहिलं तर मावळतीला काळंकुट्ट आभाळ आणि उगवतीला लख्ख ऊन असं एकाच वेळी दिसू शकतं. त्यामुळे 'आज पाऊस आहे' एवढ्यानं इथं कुणाचं भागत नाही. कुठला पाऊस, कुठून आलेला, किती वेळ टिकणारा, हे सांगावंच लागतं. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. पुढं येणारे सगळेच शब्द एकट्या नंदगडचे नाहीत. त्यांतले बरेच कोल्हापूर, चंदगड, निपाणी, बेळगाव असे सगळीकडे ऐकू येतात. मी ते नंदगडच्या पडवीत ऐकले, इतकंच.

वळीव, धूळवाफ आणि घात

एप्रिल-मे महिन्यात दुपारी वारं पडतं. 'वारं पडलं' म्हणजे वारा थांबला. पान हलत नाही, अंगाला घाम चिकटतो, उकाडा सोसवत नाही. मग तिसऱ्या प्रहरी 'आभाळ आलंय' असं कुणीतरी म्हणतं. थोड्या वेळानं 'आभाळ भरलंय'. त्यानंतर वीज कडाडते, धुळीचा लोट उठतो आणि टपोऱ्या थेंबांनी वळीव कोसळतो. कधी गाराही पडतात. तासाभरात सगळं शांत.

वळीव आणि मोसमी पाऊस यांतला फरक आजी एका वाक्यात सांगते, "वळीव उगवतीकडनं येतो, मिरग मावळतीकडनं." त्यामागचं शास्त्रही सरळ आहे. वळीव हा तापलेल्या जमिनीचा पाऊस. दिवसभर तापलेली हवा वर चढते, दुपारनंतर तिचे उंच ढग बनतात आणि ते जिथल्या तिथं गडगडून मोकळे होतात. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो, त्याला दुपारची वाट पाहावी लागत नाही आणि तो दिवसेंदिवस हटत नाही. दोन वेगळी यंत्रं, म्हणून दोन वेगळे शब्द.

या फरकावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. वळवानं जमीन जरा भिजली की नांगरट होते, ढेकळं फुटतात. मग जमीन पुन्हा वाळून भुसभुशीत झाली की त्या कोरड्या मातीतच कुरीनं भात पेरतात. ही 'धूळवाफ पेरणी'. कुरी म्हणजे बी पेरायचं अवजार. बी मातीत गप्प पडून राहतं आणि मोसमी पाऊस आला की उगवतं. म्हणजे वळीव यायला हवा, पण वेळेत थांबायलाही हवा. आलाच नाही तर नांगर चालत नाही. थांबलाच नाही तर धूळ राहत नाही आणि धूळवाफ चुकते. मग रोप तयार करून चिखलात लावण करावी लागते. त्याला वेळ जास्त, माणसं जास्त आणि खर्चही जास्त.

याच्या जोडीचा शब्द म्हणजे 'घात'. शहरातल्या मुलांना घात म्हटलं की दगाफटका आठवेल. इथं "घात आलीया" म्हणजे आनंदाची बातमी. पाऊस पडून गेल्यावर जमीन अशा अवस्थेला येते, की ना पायाला चिखल लागतो, ना ढेकूळ कडक राहतं. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टिचकी मारली तर फुटतो. पुस्तकी मराठीत यालाच वापसा म्हणतात. घात दोन-चार दिवस टिकते. तेवढ्यात कोळपणी, भांगलण उरकली नाही तर तण पिकाच्या वर जातं. शाळेला सुट्टी नसली तरी घात आली म्हणून मुलं शेतावर गेलेली मामाच्या वर्गात नेहमीचीच होती.

मिरग, तरणा, म्हातारा आणि हत्ती

मोसमी पावसाचं वेळापत्रक इथं महिन्यांनी सांगत नाहीत, नक्षत्रांनी सांगतात. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस. २५ मेच्या सुमाराला रोहिणी, ७-८ जूनला मृग म्हणजे मिरग, २१-२२ जूनला आर्द्रा. ५-६ जुलैला लागणाऱ्या पुनर्वसूच्या पावसाला म्हणतात तरणा आणि त्याच्या पाठोपाठ २० जुलैच्या आसपास येणाऱ्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. आमच्या घरी याचा अर्थ असा लावतात: तरणा अंगात आल्यासारखा कोसळतो आणि दमून थांबतो, म्हातारा हळूहळू पडतो, पण उठायचं नाव घेत नाही. ऑगस्टमधली आश्लेषा म्हणजे आसळका. मघांचा पाऊस सासूचा, पूर्वांचा सुनेचा. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो, त्याला सगळे हत्तीच म्हणतात. हत्ती गडगडत येतो.

या नक्षत्रांवर म्हणी आहेत. पडेल हस्त तर पीक मस्त. पडल्या स्वाती तर पिकतील माणिकमोती. मघांवरची म्हण फारच मजेदार आहे, पण ती कौटुंबिक अंकात छापण्यासारखी नाही. ती घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. आधी हसतील, मग सांगतील.

मिरग हा नुसता दिवस नाही, सण आहे. त्या दिवशी घराघरांत कोंबडं शिजतं. ओल्या मातीवर मखमली लाल रंगाचा मिरगाचा किडा दिसला की पोरं त्याला तळहातावर घेऊन फिरतात. पावशा ओरडायला लागलेला असतो आणि मोठी माणसं म्हणतात, तो 'पेरते व्हा' सांगतोय.

माझ्यातल्या अभियंत्याला यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या. पहिली म्हणजे पावसाचं वाहन. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं: बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा असेल तर कठीण. लहानपणी वाटायचं, पंचांगवाले मनाला येईल तो प्राणी लिहीत असतील. पण त्याला पक्की रीत आहे. सूर्य नव्या नक्षत्रात जातो तेव्हा तिथपासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि त्या संख्येला नवानं भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ तर कोल्हा, ३ तर बेडूक, ७ तर म्हैस आणि बाकी शून्य तर हत्ती. आपण प्रोग्रॅममध्ये रोज लिहितो तो हा बाकी काढायचा हिशेब. ढगांना हे गणित माहीत नाही, त्यामुळे हत्ती कोरडा जातो आणि कोल्हा पूर आणतो, असंही घडतं. पण कुठल्या पंधरवड्याबद्दल बोलतोय हे लक्षात ठेवायला बेडूक आणि म्हैस किती सोयीचे!

दुसरी गोष्ट या वेळापत्रकाच्या सरकण्याची. नक्षत्रं ताऱ्यांवरून मोजतात आणि आपलं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंवरून. ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं आहे. त्यामुळे सुमारे बहात्तर वर्षांत नक्षत्रं एक दिवस पुढं सरकतात. रायण्णाच्या काळात मिरग आजच्यापेक्षा पावणेतीन दिवस आधी, म्हणजे ५ जूनच्या सुमाराला लागत असणार. हा बदल इतका संथ आहे की एका माणसाच्या आयुष्यात कळत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे वेळापत्रक शेतकऱ्याला उपयोगी पडलं.

आणि हे वेळापत्रक कुठल्या एका भाषेचं नाही. नंदगडच्या बाजारात कानडी शेतकरी भेटला तर तोही मृग, आर्द्रा, मघा असंच बोलतो. फक्त पूर्वा त्याच्या तोंडी हुब्बी होते आणि चित्रा चित्ती. पाऊस म्हणजे 'मळे', आभाळ म्हणजे 'मोड', वारा म्हणजे 'गाळी', थंडी म्हणजे 'चळी'. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावरून केवढं राजकारण झालं हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण मिरग कधी लागतो, यावर दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांचं एकमत आहे.

झड, रिपरिप, भुरभुर, उघडीप

जुलै महिन्यात नंदगडला राहिलं की पावसाचे प्रकार कानानं ओळखता येतात. कौलांवर एकसारखा आवाज चालू असेल तर 'झड'. झड 'लागते' किंवा 'धरते', आणि धरली की दोन-तीन दिवस सोडत नाही. आवाज बारीक पण चिकट असेल तर 'रिपरिप'. आवाजच नसेल, फक्त तोंडाला गार लागत असेल, तर 'भुरभुर'. मोठा आवाज करत येऊन लगेच निघून गेली तर ती 'सर'. थोडा वेळ थांबून जरा उजेड झाला तर 'उघडीप'.

यातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं. झड लागली तर भात लावणाऱ्यांची चंगळ, कारण चिखलणीला पाणी भरपूर मिळतं; पण चुलीला वाळकं लाकूड आणि गुरांना वाळका चारा आधीच आत आणलेला हवा. रिपरिपीत खोळ किंवा घोंगडं घेऊन कामं चालू राहतात. पूर्वी इरली असायची, बांबू आणि पानांची. वाकून लावण करताना पाठ कोरडी राहायची. भुरभुरीकडे कुणी लक्षही देत नाही. उघडीप मिळाली की मात्र घरातल्या बायकांची धावपळ सुरू होते. आजीचं वाक्य ठरलेलं असतं, "उघाडलंय तवर कापडं घाल गा वाळत." आणि पुन्हा अंधारून आलं की, "झड धरलीया. आज काय उघडायचं न्हाई." यात अंदाज आहे, सूचना आहे आणि दिवसाचं नियोजनही आहे.

आता याच्या शेजारी भारतीय हवामान विभागाची मोजणी ठेवून पाहा. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर गेला की 'जोरदार' पाऊस, साधारण ११५ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. या मोजणीवरून पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे निघतात. ते हवेतच, त्यांनी जीव वाचतात. पण शंभर मिलिमीटर पाऊस दोन तासांत पडला तर बांध फुटतो आणि तोच दिवसभर झड धरून पडला तर जमिनीत मुरतो. आकडा एकच, शेतातला परिणाम उलटा. किती पडला हे यंत्र सांगतं. कसा पडला हे सांगायला झड आणि सर हे शब्दच लागतात.

मे २०२५ मध्ये आपल्या देशात सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी नवी प्रणाली सुरू झाली. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. ही मोठी प्रगती आहे, त्यामागचं गणित किती प्रचंड असतं हे मला कळतं. तरीही सहा किलोमीटरच्या एका चौकटीत नंदगडचं अख्खं गाव, शिवार आणि वर जंगलाचा तुकडा येतो. तळ्याकडच्या शेतात पाणी साठलंय आणि माळावरच्या शेतात घात आलीया, हे त्या चौकटीला दिसत नाही. ते चालत जाऊन बघावं लागतं.

'पाऊस पडूलालाय'

बेळगावकडच्या मराठीचा कान नसेल तर पहिल्यांदा गंमत वाटते. आपण 'पाऊस पडतोय' म्हणतो, तिथं 'पाऊस पडूलालाय'. 'येतोय'च्या जागी 'येऊलालाय'. कानडीच्या सहवासात ही मराठी अशी वळली, आणि ती ऐकताना क्रिया खरोखर डोळ्यांपुढं चालू आहे असं वाटतं. वाक्याच्या शेवटी 'की' आणि पुरुषाला हाक मारताना 'गा'. "पाऊस पडूलालाय की गा, जरा दम धर." यातला 'की' प्रश्न विचारत नाही, समजूत घालतो.

आणखी एक लक्षात येतं. इथं पाऊस माणसासारखा वागतो. तो हजेरी लावतो, धरून बसतो, झोडपतो, ओढ देतो, दडी मारतो. 'दोन आठवडे पाऊस झाला नाही' असं कुणी म्हणत नाही. 'पावसानं ओढ दिली' म्हणतात, जणू बोलावूनही पाहुणा आला नाही. राग असतो, पण नातं तुटलेलं नसतं.

ऊन आणि पाऊस एकत्र आले की कोल्ह्याचं लग्न, हे आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. गंमत म्हणजे जपानमध्येही उन्हातल्या पावसाला कोल्ह्याचं लग्नच म्हणतात. नंदगड आणि जपान यांच्यात या गोष्टीची देवाणघेवाण कधी झाली असेल असं वाटत नाही. उन्हात पाऊस पाहिला की माणसाला कुठंही काहीतरी लबाडी चालू असल्याची शंका येत असावी.

दहिवर आणि गारठा

दिवाळीनंतर शब्द बदलतात. पहाटे गवतावर 'दहिवर' पडतं. दहिवर म्हणजे दव. शेतातून चालत गेलं तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. डिसेंबरात 'गारठा' येतो. गारठा आणि थंडी यांतही फरक आहे: थंडी वाजते, गारठा अंगात भरतो. सकाळी दारात शेकोटी पेटते आणि 'कोवळं ऊन' यायची वाट पाहत म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसतात.

या दिवसांत धुकं पडलं की आपण फोटो काढतो. मामा मात्र आंब्याकडे आणि काजूकडे बघतो. मोहर आलेला असताना सतत धुकं आणि ढगाळ हवा राहिली तर मोहर काळा पडून गळतो. एकाच सकाळी एकाला सुंदर दिसलेलं धुकं दुसऱ्याच्या वर्षाच्या कमाईवर बसलेलं असतं.

शब्द आहेत, पण आभाळ बदललं

इथपर्यंत सगळं गोड वाटलं असेल. पण गेल्या काही वर्षांत पडवीतल्या गप्पांचा सूर बदललाय. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. आसळका आणि मघा एरवी सरींचे दिवस, त्या वर्षी नद्यांनी गावं वेढली. चार वर्षांनी बरोबर उलट. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि कर्नाटकातल्या बहुतेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच पोचला, २००९ नंतर इतका लवकर तो आला नव्हता. त्याआधीचा वळीवही थांबायला तयार नव्हता. वळीव कधी संपला आणि मिरग कधी लागला हेच कळेना. ज्यांची धूळवाफ व्हायची होती त्यांना धूळच मिळाली नाही.

त्या वर्षी मामा म्हणाला, "मिरगाच्या आधीच मिरग येऊन गेला. आता ह्याला काय म्हणायचं गा?" मला हा प्रश्न फार मोठा वाटला. बहात्तर वर्षांत एक दिवस सरकणाऱ्या वेळापत्रकाशी हे शब्द बांधलेले आहेत. आभाळ मात्र आता वर्षावर्षाला पंधरा-पंधरा दिवस मागंपुढं होतंय. वळीव म्हटल्यावर पुढं काय होणार हे आजोबांना माहीत होतं. मामाला ती खात्री नाही. शब्द जिभेवर आहे, पण त्यावर विसंबून बियाणं टाकायला हात धजत नाही.

दुसरीकडे शब्द वापरणारी माणसंही कमी होताहेत. भाताच्या जागी ऊस आला, आणि उसाला धूळवाफेची घाई नसते. माझा मामेभाऊ पुण्यात नोकरी करतो. त्याच्या मुलीला रिपरिप आणि झड यांतला फरक सांगायचा तर आधी कौलांचं घर दाखवावं लागेल. स्लॅबखाली सगळा पाऊस सारखाच ऐकू येतो. यात कुणाचा दोष नाही. आपण सगळेच शिकून बाहेर पडलो, आणि बाहेर पडावं म्हणूनच घरच्यांनी शिकवलं.

तरी मला वाटतं, आभाळ बदलतंय म्हणूनच हे शब्द जपायला हवेत. मामाला २०२५ चं मे महिन्यातलं आभाळ विचित्र वाटलं, कारण वळीव कसा असतो हे त्याला नीट माहीत होतं. ज्याच्याकडे वळीव आणि मिरग असे दोन शब्द आहेत, त्यालाच दोन्ही एकमेकांत मिसळल्याचं कळतं. ज्याच्याकडे फक्त 'पाऊस' आहे, त्याला वाटेल, यंदा पाऊस लवकर आला, बरं झालं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी स्कॉट्स भाषेतले बर्फासाठीचे शब्द गोळा केले. २०१५ मध्ये त्यांनी मोजदाद सांगितली: ४२१. आपल्याकडेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, माणसांचे आवाज गोळा केलेत. पण आपल्या घरातली आजी त्यांच्यापर्यंत पोचली असेलच असं नाही. तिच्यापर्यंत आपणच पोचू शकतो.

त्यासाठी फार काही लागत नाही. तुमचं मूळ गाव नंदगड असो, निपाणी असो की आणखी कुठलं, घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन लावा आणि रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगा. 'हवामानाचे शब्द सांगा' म्हटलं तर त्यांना एकही आठवणार नाही. त्याऐवजी कामं विचारा: पेरणी कधी करायचा? कापडं कधी आत घ्यायचा? पोरांना शेतावर जाऊ नका असं कधी सांगायचा? शब्द आपोआप येतील. आलेला शब्द शुद्ध करू नका; मिरगाला मृग लिहिलंत तर निम्मी चव गेली. आणि शब्दाच्या पुढं गावाचं नाव लिहून ठेवा.

नंदगडला जायचं असेल तर माझा सल्ला जुलैचा, तरणा आणि म्हातारा यांच्या मधला. लावणी चालू असते, शिवार हिरवंगार असतं, हलशीचं देऊळ पावसात न्हालेलं असतं. खानापूरपर्यंत रेल्वेनं जाता येतं, पुढं बस आहे. छत्रीबरोबर वाळकी कपड्यांची एक जोडी जास्तीची घ्या. आणि रस्त्यात कुणी विचारलं, "पाऊसपाणी कसं हाय तुमच्याकडं?", तर आकडा सांगू नका. झड आहे, रिपरिप आहे की उघडीप, ते सांगा. पुढच्या गप्पा आपोआप सुरू होतील.